इंग्रजी बोलायचा क्लास: घरबसल्या ऑनलाइन की संध्याकाळी समोरासमोर?

नोकरी सांभाळून इंग्रजी बोलायला शिकायचं नक्की झालंय, पण ऑनलाइन बॅच घ्यावी की कामावरून सुटल्यावर क्लासला जाऊन बसावं इथे गाडी अडलीय, असं कंपनीतले बरेच जण विचारतात म्हणून एकदा नीट लिहूनच काढतो. मी दोन्ही केलंय, आधी ऑनलाइन आणि नंतर पिंपरीतला संध्याकाळचा क्लास. भोसरी एमआयडीसीत क्वालिटीला आहे आणि शाळा मराठी माध्यमाची. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं 2000 साली, त्याआधी आमची एबीसीडीच पाचवीत सुरू व्हायची, त्यामुळे माझ्या वयाच्या बहुतेकांचं सारखंच आहे, मेल लिहिता येते, ड्रॉइंगवरच्या नोट्स कळतात, पण कस्टमरचा ऑडिटर समोर उभा राहिला की पहिलं वाक्य काही केल्या बाहेर येत नाही. हे सगळं अशा लोकांसाठी लिहितोय. कोरी पाटी असेल किंवा आयईएलटीएसची, म्हणजे परदेशी जाण्यासाठी द्यावी लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेची, तयारी करायची असेल तर त्याचा विचार वेगळा.

आधी तासांचा हिशोब करू, कारण पत्रकं वाचून लोक फसतात. भाषेच्या ज्या सहा पायऱ्या आता जगभर मानतात, ए1 पासून सी2 पर्यंत, त्यात आपल्यासारखी मोडकंतोडकं बोलणारी माणसं साधारण ए2 ला असतात आणि कामाच्या ठिकाणी निभावून न्यायला निदान बी1 तरी लागतं. इंग्रजीच्या परीक्षा घेणाऱ्या केंब्रिजवाल्यांचा अंदाज असा की सुरुवातीपासून धरलं तर ए2 ला शिक्षकासोबतचे 180 ते 200 तास लागतात आणि बी1 ला 350 ते 400, म्हणजे मधलं अंतरच दीडशे-दोनशे तासांचं. आठवड्यातून तीन दिवस दीड-दीड तास क्लास केला तर तीन महिन्यांत साठ तासही भरत नाहीत. तेव्हा 90 दिवसांत फाडफाड वगैरे दोन्हीकडचं सोडून द्या, आणि हे जे साठेक तास मिळणारेत त्यात तुमचं स्वतःचं तोंड किती वेळ उघडतंय तेवढं बघा. माझ्या मते सगळा निकाल इथेच लागतो.

ऑनलाइनच्या बाजूने बोलण्यासारखं भरपूर आहे आणि ते मी मनापासून सांगतो. फी जवळपास निम्मी होती. जाण्यायेण्याचा वेळ शून्य, पावसात नाशिक फाट्याला अडकायचं नाही. शिफ्ट बदलली तरी रेकॉर्डिंग मिळायचं, आणि ज्यांची शिफ्ट दर आठवड्याला फिरते त्यांना हा केवढा आधार असतो ते शिफ्टवाल्यालाच कळतं. सरही चांगले होते, आपण चुकीचं वाक्य बोललो की मध्ये न तोडता बरोबर वाक्य चॅटमध्ये टाइप करायचे, ती वाक्यं मी वहीत उतरवून ठेवलीत आणि अजून चाळतो. ग्रामर तर मला ऑनलाइनच जास्त पक्कं झालं. कळलं नाही की व्हिडिओ मागे घ्यायचा, परत ऐकायचा, विचारायला लाजायची गरजच नाही.

मग बिनसलं कुठे? तर आवाजात.

आमचं वनबीएचके. बॅच रात्री साडेआठची, म्हणजे बाहेर हॉलमध्ये आईची सिरीयल, धाकट्याला झोपवायची वेळ, मुलीचा अभ्यास. मी आतल्या खोलीत दार लावून, कानात इअरफोन घालून बसायचो आणि माझ्याही नकळत अगदी हळू, ओठातल्या ओठात बोलायचो. सर सारखे लाउडर प्लीज म्हणायचे, पण बाळ झोपलेलं असताना काय लाउडर करणार. शिवाय भिंतीपलीकडे घरातले ऐकताहेत, मुलगी इंग्लिश मीडियमला आहे, ती ऐकतेय, हे डोक्यातून जात नाही. बायकोने कधी टोकलं नाही, मुलगी तर उलट मदत करायची, तरी आवाज चढत नाही तो नाहीच. वाक्यं जमायला लागली होती, पण ती कुजबुजत बोलायची सवय झाली. आणि मला बोलायचं होतं प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्र्याचे पार्ट दाबून काढतात त्या विभागात, जिथे मागे मशीन चालू असते आणि मराठीतसुद्धा ओरडूनच सांगावं लागतं. ऑडिटरसमोर उत्तर माहीत असायचं, शब्दही असायचे, पण आवाज फुटायचा तो त्या आतल्या खोलीतला, आणि समोरच्याने पार्डन म्हटलं की पुढचं सगळं विसरायला व्हायचं.

ह्यालाच जोडून दुसरी गोष्ट. ऑनलाइनमध्ये एका वेळी एकच जण बोलू शकतो. वीस जणांची बॅच, दीड तास, त्यात सरांचं शिकवणं धरलं तर वाट्याला जास्तीत जास्त तीन-चार मिनिटं येतात, आणि तीही बाकी एकोणीस जण कान लावून बसलेले असताना. नेटमुळे आवाज जरा उशिरा पोचतो, दोघं एकदम सुरू होतात, दोघं एकदम थांबतात, नंतर जो भिडस्त असतो तो माइक बंदच ठेवतो. सर छोट्या छोट्या रूम करून द्यायचे, पण ते स्वतः एका वेळी एकाच रूममध्ये असणार, बाकीच्या रूममध्ये कॅमेरे बंद नाहीतर सरळ मराठीत गप्पा सुरू. मी कुणाला दोष देत नाही, दिवसभर काम करून आलेली माणसं असतात.

समोरासमोरच्या क्लासमध्ये पहिल्याच आठवड्यात फरक जाणवला आणि तो मला अपेक्षित नव्हता. मॅडमनी जोड्या पाडल्या, प्रत्येक जोडीला एक चिठ्ठी. आमच्या चिठ्ठीत होतं की माल उद्या पोचणार नाही हे कस्टमरला फोनवर सांगा आणि कस्टमरने चिडायचं. माझ्यासोबत एका हॉस्पिटलच्या रिसेप्शनवर काम करणाऱ्या ताई होत्या, त्या काय सुंदर चिडल्या! त्याच वेळी त्या हॉलमध्ये आठ-नऊ जोड्या एकदम बोलत होत्या, नुसता गलका, मंडईत बोलतात तसं बोलावं लागत होतं, नाहीतर समोरच्याला ऐकूच जात नाही. आणि गंमत म्हणजे त्या गलक्यात आपण झाकले जातो. शेजारच्या जोडीला आपल्या चुकांशी घेणंदेणं नसतं, ते त्यांच्या भांडणात. वीस मिनिटांचं भांडण म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला दहा मिनिटं, ऑनलाइनमध्ये तेवढं बोलायला मला आठवडा लागायचा. इकडे मॅडम हातात पॅड घेऊन फिरत असायच्या, कुणाला मध्ये तोडायच्या नाहीत, शेवटच्या दहा मिनिटांत आम्ही केलेल्या चुका नाव न घेता बोर्डवर लिहायच्या आणि दुरुस्त करायला आम्हालाच सांगायच्या. एकदा 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' हे लिहिलं तेव्हा निम्म्या वर्गाला वाटलं की हे माझंच वाक्य. ते 'हॅव बीन वर्किंग' आणि 'फॉर फाइव्ह इयर्स' असं करून सगळ्यांनी मोठ्याने म्हटलं, तेव्हापासून माझं ते चुकलेलं नाही.

आता त्रासही सांगितला पाहिजे. सहाला सुटून सातच्या बॅचला पोचायचं म्हणजे धावपळ, नाशिक फाट्याला मेट्रो मिळते म्हणून जमलं, नाहीतर अवघड होतं. भूक लागते, घरी जाईपर्यंत साडेनऊ होतात, आठवड्यातले तीन दिवस मुलांची भेट होते न होते. फी दुप्पट, बुडालेला तास बुडालाच. आणि सगळेच क्लास असे नसतात हेही खरं. जिथे सर दीड तास बोर्डवर टेन्सचे तक्ते लिहितात आणि आपण उतरवून घेतो तिथे जाण्यापेक्षा मी म्हणेन घरी बसून ऑनलाइनच करा, पैसे तरी वाचतील.

कुणी म्हणेल की घरात वेगळी खोली असेल, दार लावून मोठ्याने बोलता येत असेल, तर ऑनलाइन काय वाईट? खरंय, माझी अडचण तुमची असेलच असं नाही. फिरती शिफ्ट असेल, घरी लहान बाळ सोडून निघता येत नसेल, तालुक्याच्या गावाला धड क्लासच नसेल, तर ऑनलाइन बिनधास्त घ्या, फक्त सहा-आठ जणांची बॅच बघा, वीसची नको. पण संध्याकाळी दीड तास बाहेर काढता येत असेल आणि अडचण माझ्यासारखी, म्हणजे येतं सगळं पण तोंडातून निघत नाही अशी असेल, तर मला विचाराल तर मी क्लासलाच जा म्हणेन.

पैसे भरायच्या आधी डेमो लेक्चर मागा आणि तेही चालू बॅचमध्ये बसून, नवीन लोकांसाठी खास ठेवलेलं नको. कोण जास्त वेळ बोलतंय, शिकवणारा की शिकणारे, एवढंच घड्याळ लावून बघा. प्रवेशाच्या वेळी नुसती टिक करायची लेखी परीक्षा घेतात की पाच मिनिटं बोलायला लावून बॅच ठरवतात ते विचारा. खुर्च्या हलवता येतात का तेही बघा, जमिनीला ठोकलेल्या बाकांवर जोड्या पाडता येत नाहीत. आणि आपल्याकडे ऑटोच्या कंपन्यांमध्ये गणपती ते दिवाळी ओव्हरटाइम ठरलेलाच, तेव्हा बॅच दिवाळीनंतरची धरा, म्हणजे मार्च एंडची गडबड सुरू व्हायच्या आत तीन महिने सलग मिळतात.