सासूबाईंच्या आजोबांचं नाव: यिद्दिश बुक सेंटरच्या डिजिटल ग्रंथालयाचा अनुभव

नणंदेला सातवा महिना लागला तेव्हा सासूबाईंनी विषय काढला. मुलगा झाला तर त्याला त्यांच्या आजोबांचं नाव द्यायचं. पूर्व युरोपातून आलेल्या अश्कनाझी ज्यू घरांत, म्हणजे माझ्या सासरी, हयात माणसाचं नाव बाळाला देत नाहीत, गेलेल्याचं देतात. आजोबांना जाऊन पन्नास वर्षं उलटली तरी त्यांचं नाव अजून कुणालाच मिळालेलं नाही, ही सासूबाईंची जुनी खंत. पण नाव नेमकं कोणतं? अमेरिकेतल्या सगळ्या कागदांवर ते ॲल्बर्ट. क्वीन्समधल्या माउंट हेब्रन दफनभूमीत त्यांच्या दगडावर मात्र हिब्रू अक्षरांत ‘आल्टर’ असं कोरलेलं आहे. आणि आल्टर म्हणजे यिद्दिशमध्ये, पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या हिब्रू अक्षरांत लिहिल्या जाणाऱ्या भाषेत, म्हातारा, एवढं सासूबाईंना ठाऊक होतं. नणंद म्हणाली, “आई, जन्मलेल्या पोराला कुणी म्हातारा म्हणतं का? हे टोपणनाव असेल. खरं नाव काहीतरी वेगळंच असणार.”

शोधायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात यिद्दिश अक्षरं वाचता येणारी मी एकटीच. 2021 मध्ये ड्युओलिंगो या भाषा शिकवणाऱ्या ॲपवर यिद्दिश आलं तेव्हा सासूबाईंशी चार वाक्यं बोलता यावीत म्हणून मी शिकायला लागले होते. मला अक्षरं लागतात, पण अर्थासाठी सारखा शब्दकोश उघडावा लागतो. सासूबाईंचं बरोबर उलटं आहे. लहानपणी घरात ऐकलेली भाषा त्यांना समजते, पण एक अक्षर वाचता येत नाही.

आधी मी नावांचे अर्थ सांगणाऱ्या एका वेबसाइटला 19 डॉलर दिले. नक्षीदार चौकटीतलं एक पान आलं. मूळ लॅटिन, अर्थ ‘दुसरा’, आणि खाली सोनेरी अक्षरांत ‘अतिदुर्मिळ’. लॅटिनमध्ये त्या शब्दाचा तसा अर्थ होतो हे खरं, पण आमच्या आल्टरचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. यिद्दिशमध्ये ‘आल्ट’ म्हणजे जुना, वयस्क. ‘आल्टर’ हे त्याचंच पुल्लिंगी रूप. बाईसाठी ‘आल्टे’. मला पैशांपेक्षा वाईट वाटलं ते सासूबाईंनी ते पान छापून फ्रिजवर लावलं होतं याचं. मला ते काढायला लागलं.

मग मी यिद्दिश बुक सेंटरच्या डिजिटल ग्रंथालयाकडे वळले. ज्या सेवेबद्दल मला लिहायचं आहे ती ही. मॅसॅच्युसेट्समधल्या ॲमहर्स्ट गावी हे केंद्र आहे. 1980 मध्ये ॲरन लान्स्की या चोवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ते सुरू केलं. घरोघरी आजी-आजोबा वारले की नातवंडं त्यांची यिद्दिश पुस्तकं टाकून देत होती, कारण वाचणारं कुणी उरलं नव्हतं. जगात जेमतेम 70,000 यिद्दिश पुस्तकं शिल्लक असतील असा तेव्हा जाणकारांचा अंदाज होता. लान्स्कींनी आणि त्यांच्या साथीदारांनी दहा लाखांहून जास्त गोळा केली. त्यांतली बारा हजारांवर पुस्तकं आज पानापानाने स्कॅन होऊन इंटरनेटवर आहेत. ती कुणालाही फुकट वाचता येतात, उतरवून घेता येतात. आणि शोध फक्त पुस्तकांच्या नावांत होत नाही, पानांच्या आतल्या मजकुरातही होतो. सापडलेला शब्द छापील ओळीसकट समोर येतो. माझ्यासारख्या अडखळत वाचणारीला ती जुनी छपाई डोळ्यांनी पाहता येणं फार उपयोगाचं ठरलं.

पहिल्या दिवशी मी दगडावरची अक्षरं तशीच टाकली: आलेफ, लामेद, तेस, रेश. हे हिब्रू वळणाचं लेखन. यिद्दिशमध्ये मधल्या स्वरासाठी ‘आयिन’ लागतो: आलेफ, लामेद, तेस, आयिन, रेश. तो घातल्याबरोबर निकालांचा पूर आला. यात ग्रंथालयाचा दोष नाही, शब्दच इतका रोजचा आहे. म्हातारा शेतकरी, जुना मित्र, सगळीकडे आल्टर. त्यात मानाची पदवीही आल्टरच. लिथुआनियातल्या स्लाबोदका येशिव्याचे, म्हणजे ज्यू धर्मपाठशाळेचे, नोसन त्स्वी फिंकेल (1849–1927) ‘स्लाबोदकाचे आल्टर’ म्हणूनच ओळखले जातात, आणि खबाद पंथाचे संस्थापक श्नेऊर झाल्मन हे ‘आल्टर रेबे’. तिथे आल्टर म्हणजे थोरले, ज्येष्ठ. शिवाय पोलंडमधल्या गेर या हसिदी, म्हणजे भक्तिमार्गी ज्यू पंथातल्या, गुरुघराण्याचं तर आडनावच आल्टर. म्हणजे विशेषण, पदवी, आडनाव आणि नाव, सगळं एकाच जाळ्यात.

वाट सापडली ती सासूबाईंच्या एका वाक्यामुळे. त्या म्हणाल्या, “माणूस असेल तर त्याला रेब म्हणतील, आणि पोर असेल तर आल्टरके.” ‘रेब’ म्हणजे आपलं ‘राव’ किंवा ‘पंत’, तर ‘-के’ हा लाडाचा प्रत्यय. मी ‘रेब आल्टर’ शोधलं, ‘आल्टरके’ शोधलं, ‘खाइम-आल्टर’ शोधलं, आणि माणसं दिसायला लागली. कुणी हिशेब विचारणारा दुकानदार, कुणी सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, ठरावीक जागी बसणारा, कुणी आईचा एकुलता एक. टोपणनाव नव्हतं ते. कायम हाकेत असलेलं, पूर्ण नाव होतं.

ते का ठेवत हे कळल्यावर मी त्या दिवशी संगणक बंद केला आणि बराच वेळ तशीच बसले. घरात मुलं जगत नसली, किंवा असलेलं मूल मरणाच्या दारात असलं, की त्याला आल्टर म्हणायचे. मृत्यूचा दूत, मलख-हमोवेस, तान्हं बाळ न्यायला दारात येतो, पण हाक ऐकू येते ती म्हाताऱ्याची. इथे बाळ नाहीच म्हणून तो परत जातो. मुलीला आल्टे म्हणत. काही ठिकाणी याच कारणाने मुलाला झेयदे, म्हणजे आजोबा, आणि मुलीला बोबे, म्हणजे आजी, अशीही नावं ठेवत.

मराठी माणसाला हे समजावून सांगायला लागत नाही. आपले दगडू, धोंडू, केरबा याच भीतीतून आले. पण दोन्हीकडची युक्ती निराळी आहे, आणि तो फरक मला फार मोलाचा वाटतो. आपण मुलाला कवडीमोल ठरवायचो: हा दगड, हा केर, याला नेऊन काय मिळणार? यिद्दिश आई मुलाची किंमत कमी करत नव्हती. तिने त्याला आधीच सगळं आयुष्य देऊन टाकलं होतं. हा जगला, वाढला, म्हातारा झाला. त्या नावात फसवणूक आहे तशीच पुरेपूर इच्छाही आहे.

या चालीला धर्मग्रंथांतही आधार आहे. माणसाविरुद्ध लिहिलेला निवाडा चार गोष्टींनी रद्द होतो असं ताल्मुद या ज्यूंच्या प्राचीन धर्मग्रंथाच्या ‘रोश हशाना’ या भागात सांगितलं आहे: दान, आक्रोश, नाव बदलणं आणि वागणूक बदलणं. आजारी माणसाला ‘खाइम’, म्हणजे जीवन, हे नाव जोडतात ते त्यावरूनच. म्हणूनच ‘खाइम-आल्टर’ ही जोडी पुन्हा पुन्हा भेटते, एक शब्द हिब्रू आणि एक यिद्दिश. अश्कनाझी पुरुषांच्या नावांत अशा जोड्या खूप आहेत, दोव-बेर, त्स्वी-हिर्श. तिथे मात्र दोन्ही शब्दांचा अर्थ एकच असतो, अस्वल-अस्वल, हरीण-हरीण. खाइम-आल्टरमध्ये तसं नाही. तिथे पहिला शब्द मागणं आहे आणि दुसरा त्याचं उत्तर.

आता ‘अतिदुर्मिळ’बद्दल. त्या सोनेरी शिक्क्याचा मला अजून राग आहे, कारण दुर्मिळ हा शब्द तिथे दागिन्यासारखा वापरला होता. ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्ग आणि बरो पार्कमधल्या हसिदी वस्त्यांत जा, तिथे आल्टर नावाची लहान मुलं आजही आहेत. अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा खात्याची नावांची यादी पाहून काही ठरवणंही कठीण, कारण वर्षात पाचपेक्षा कमी मुलांना दिलेलं नाव त्या यादीत येतच नाही. पण त्या वस्त्यांबाहेर हे नाव जवळजवळ ऐकू येत नाही, हे खरं, आणि त्याची दोन कारणं एकमेकांशेजारी ठेवणंही मला जड जातं. एक आनंदाचं: लहान मुलं मरेनाशी झाली, तशी मृत्यूला चकवणाऱ्या नावाची गरज संपली. दुसरं असं की, दुसऱ्या महायुद्धातल्या नाझींच्या ज्यू-संहारात हे नाव ठेवणारी गावंच मारली गेली. आल्टर काट्सिझ्ने हे लेखक आणि छायाचित्रकार. जन्म व्हिल्नाचा, म्हणजे आजच्या लिथुआनियातल्या व्हिल्नियसचा, 1885 चा. न्यूयॉर्कच्या ‘फोरव्हर्ट्स’ या यिद्दिश दैनिकासाठी त्यांनी 1920 च्या दशकात पोलंडमधल्या ज्यूंची छायाचित्रं काढली. 1941 च्या जुलैमध्ये, आज युक्रेनमध्ये असलेल्या तार्नोपोलला, त्यांना मारून टाकलं. न्यूयॉर्कला पाठवलेली छायाचित्रं तेवढी वाचली, ती आता यिव्हो या संस्थेकडे आहेत. लहानपणी ज्याला म्हातारा म्हणून हाक मारली, त्याला म्हातारपण मिळालं नाही. आमचे आजोबा वेळेत बोटीवर चढले म्हणून ते ऐंशी वर्षं जगले. ॲल्बर्ट झाले, पण खरोखरीचे आल्टरही झाले.

ग्रंथालय वापरायचं ठरवलंत तर अक्षरओळख करून घ्या, तेवढी पुरते. नुसतं नाव टाकू नका, त्याच्या आगेमागे माणसं जे म्हणत ते टाका: रेब, लाडाचा प्रत्यय, जोडीचं हिब्रू नाव. व्युत्पत्तीसाठी अलेक्झांडर बाइडर यांचा 2001 चा अश्कनाझी नावांचा कोश लागेल, तो मोठ्या वाचनालयात मागा. आणि आपल्या गावाचं ‘यिझ्कर-बुख’ जरूर शोधा. महायुद्धानंतर वाचलेल्या गावकऱ्यांनी आपापल्या गावांच्या आठवणी, माणसांची नावं, गल्ल्या लिहून काढल्या, तशी शेकडो पुस्तकं आहेत. आमचं गाव पोलंडमधल्या बियाविस्तोकजवळचं झाब्लुदोव्ह. तिथलं सतराव्या शतकातलं लाकडी सिनेगॉग 1941 मध्ये जर्मनांनी जाळलं. गावाचं पुस्तक 1961 मध्ये बुएनोस आयरेसमध्ये छापलं गेलं.

ते पुस्तक आम्ही दोघी मिळून वाचतो. मी अक्षर-अक्षर लावून मोठ्याने म्हणते, काय म्हणते ते मला बऱ्याचदा कळत नाही. समोर सासूबाई डोळे मिटून ऐकतात आणि मध्येच हात वर करतात: थांब, पुन्हा म्हण. मग त्या मला इंग्रजीत सांगतात. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा त्या म्हणाल्या, ही वाक्यं त्यांनी आजोबांच्या तोंडून शेवटची ऐकली होती.

मुलगा झाला. आठव्या दिवशी, सुंतेच्या वेळी, नाव मोठ्याने वाचलं गेलं: खाइम आल्टर. नणंदेनेच ठरवलं. आधी तिचा विरोध होता, पण नावाची हकिकत ऐकल्यावर तिने पोटावर हात ठेवला आणि पुन्हा कधी तो प्रश्न विचारला नाही. जन्मदाखल्यावर त्याचं इंग्रजी नाव वेगळं आहे. सासूबाई त्याला आल्टरके म्हणतात.

दर गुरुवारी संध्याकाळी आमचं वाचन असतं. झाब्लुदोव्हच्या पुस्तकाची अठ्ठेचाळीस पानं झाली आहेत.