‘केअर कम्पेअर’: व्याह्यांसाठी नर्सिंग होम शोधताना

आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की बाळंतपणाचा दवाखाना डोळ्यांसमोर येतो. इथे अमेरिकेत ती म्हाताऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसांची राहण्याची जागा. आमच्या व्याह्यांसाठी ती शोधायची वेळ आली. व्हिएतनामला लढून आलेला हा माणूस. पक्षाघातानं उजवी बाजू गेली, विहीणबाई एकट्या किती उचलणार? लेक-जावई नोकरीत, म्हणून शोधाशोध मी अंगावर घेतली. माझे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. फौजी माणूस दुखलं तरी बोलत नाही, हे मी साताऱ्याच्या घरात पाहिलंय.

‘केअर कम्पेअर’ ही मेडिकेअरची, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याची वेबसाइट, फुकट. झिप कोड (इथला पिनकोड) टाकला की जवळपासची होम्स येतात, प्रत्येकाला एक ते पाच स्टार. हे स्टार तीन गोष्टींवरून ठरतात: सरकारी तपासणी, कर्मचारी आणि देखभालीचा दर्जा. तपासणी साधारण वर्षातून एकदा, न कळवता होते. कर्मचाऱ्यांचे तास पगाराच्या नोंदींवरून घेतात, म्हणून तो आकडा मी धरून चालते. शनिवार-रविवारचे तास वेगळे दिलेले असतात, ते जरूर बघा. दर्जाची बरीच माहिती मात्र होमनंच भरून दिलेली असते, त्यामुळे तिथले पाच स्टार बघून हुरळून जाऊ नका. लाल वर्तुळात हाताचा पंजा दिसला तर तिथे रहिवाशांच्या छळाबद्दल ठपका बसलाय असं समजा.

खरा ऐवज आहे खालच्या तपासणी अहवालात. आम्हाला पसंत पडलेलं एक होम चार स्टारचं होतं. अहवाल उघडला तर एका रहिवाशाची मदतीला बोलवायची बेल जमिनीवर पडलेली आणि पाणी हाताला न येण्यासारखं, अशी नोंद. नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. ते वाचून आम्ही रविवारी दुपारी न सांगता गेलो. एका खोलीत एक आजोबा, डावा हात लुळा, आणि पाण्याचा ग्लास नेमका डावीकडे ठेवलेला. मी तो उजवीकडे सरकवला. त्यांनी एका दमात संपवला. त्या होमचं नाव आम्ही तिथेच यादीतून खोडलं.

माजी सैनिकांच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. त्यांच्या खात्याची, म्हणजे व्हीएची, मदत तीन ठिकाणी मिळते: व्हीएची स्वतःची केंद्रं, करार केलेली खासगी होम्स आणि राज्य सरकारची सैनिकांसाठीची होम्स. लष्करी सेवेमुळे आलेलं अपंगत्व 70 टक्के किंवा जास्त धरलेलं असेल तर व्हीए हा खर्च उचलतं, म्हणून आधी तो कागद शोधा. व्हीएची स्वतःची केंद्रं ‘केअर कम्पेअर’वर दिसत नाहीत, त्यांचं मूल्यांकन व्हीएच्या साइटवर वेगळं बघावं लागतं. राज्यांची होम्स मेडिकेअर किंवा मेडिकेडची (कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) मान्यता असेल तरच ‘केअर कम्पेअर’वर येतात. त्यांची तपासणी व्हीएही करतं, पण अमेरिकन संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयानं 2019 मध्ये दाखवून दिलं की तपासणी करणारा कंत्राटदार काही उणिवा ‘उणीव’ म्हणून न नोंदवता नुसती ‘शिफारस’ म्हणून लिहीत होता. शिफारशीचा पाठपुरावा कोण करणार?

हे मला कागदावरचं वाटत नाही, कारण मी एडिसनला राहते. इथल्या मेन्लो पार्कचं आणि पॅरामसचं, ही न्यू जर्सी राज्याची सैनिकांची होम्स. कोविडमध्ये दोन्हीकडे खूप माणसं गेली. 2021 मध्ये राज्यानं 119 कुटुंबांशी सुमारे 53 दशलक्ष डॉलरची तडजोड केली. केंद्राच्या न्याय विभागानं सप्टेंबर 2023 मध्ये लिहिलं की संसर्ग रोखण्यात आणि वैद्यकीय देखभालीत दोन्ही होम्स इतकी कमी पडतात की रहिवाशांच्या घटनात्मक हक्कांचा भंग होतो. ओक ट्री रोडवर भाजी घ्यायला जाते तेव्हा हे मनात येतंच.

वेबसाइटला माझ्याकडून पाचपैकी चार. अहवाल इतके उघड ठेवलेत, याचं मला मोल आहे. एक कापला, कारण सैनिकाच्या घरच्यांना सगळं एका जागी मिळत नाही.

होम बघायला जाल तेव्हा ताज्या तपासणीचा अहवाल मागा. तो वाचायला मिळणं हा हक्क आहे. भिंतीवर राज्याच्या ओम्बड्समनचा नंबर असतो. तक्रार ऐकायला प्रत्येक राज्यात हे कार्यालय कायद्यानं असतं, पैसे पडत नाहीत. पहिल्याच दिवशी त्याचा फोटो काढून घरातल्या सगळ्यांना पाठवा.