पॅप स्मिअरचा रिपोर्ट गडबडला: घरात सांगायचं की तारखेपर्यंत गिळून बसायचं?

पॅप स्मिअर म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशींची तपासणी. माझ्या रिपोर्टमध्ये एलएसआयएल, म्हणजे त्या पेशींत हलके बदल आले, डॉक्टर म्हणाल्या टेन्शन घेऊ नका, कोल्पोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून ती जागा, करून बघू, आणि तारीख मिळाली 19 दिवसांनंतरची. आता हे मधले दिवस काढायचे कसे ते कोणीच सांगत नाही. मी आधी 11 दिवस लपवून काढले, मग सांगून. दोन्ही करून झालंय म्हणून लिहितेय, बाकी ज्याचं त्याचं घर वेगळं, माझंच बरोबर असं नाही म्हणत.

लपवण्याचे फायदे खोटे नाहीत हां. आमच्याकडे जळगाव जिल्ह्यात भाऊबंदकी म्हणजे एकाला शिंक आली की चार घरांत काढा उकळतो. कॅन्सरची 'तपासणी' म्हटलं की पुढच्या गल्लीत 'झाला' म्हणून पोचतं. दुसरं म्हणजे एचपीव्ही, ज्याच्यामुळे हे बदल होतात तो व्हायरस. तो शरीरसंबंधातून येतो हे कळलं की पहिला प्रश्न नवऱ्याच्या नाहीतर सासरच्यांच्या डोक्यात काय येणार ते माहितीये. खरं तर तो एवढा कॉमन आहे की बहुतेक बायका-पुरुषांना कधी ना कधी होऊनच जातो, आणि वर्षानुवर्षं अंगात गप्प बसू शकतो, म्हणजे आज सापडला म्हणून आजच आला असं नसतं. पण हे शांतपणे समजवायला आधी आपलं डोकं ठिकाणावर पाहिजे ना.

ते नव्हतंच. रिपोर्ट मी दादर ज्वारीच्या कोठीत पिशवीखाली ठेवला होता आणि पीठ दळायला द्यायच्या निमित्ताने दिवसातून दोनदा काढून वाचायचे, जसं काही अक्षरं बदलणार. रात्री पांघरुणात मोबाईलचा उजेड कमी करून शोधत बसायचं. स्मिअर ही नुसती चाळणी आहे निदान नाही, हलके बदल बऱ्याच जणींचे आपोआप जातात, व्हायरस पण बहुतेकींचा दोनेक वर्षांत निघून जातो, आणि कॅन्सर व्हायचाच झाला तर सहसा 10-20 वर्षं लागतात, हे सगळं वाचलं की दहा मिनिटं बरं वाटायचं, मग पुढचं पान उघडलं की परत पोटात गोळा.

तरी मी निभावलं असतं. पण मला वीट आला तो खोटं बोलण्याचा, एक खोटं सांभाळायला दुसरं. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, आमच्या खान्देशातला देवीचा सण, घर भाऊबंदांनी भरलेलं, रोटांचं दळण, पुरणाचा घाट, आणि मला चार बायकांत बसून हसणं जमेना. म्हणून सांगून टाकलं, अडचण आलीये. झालं, बाजूला बसायला मिळालं. दुपारी सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि बोटावर मोजत म्हणाल्या, तुझे तर अजून 20 दिवस पण नाही झाले. एकत्र कुटुंबात सासूला सुनेची तारीख सुनेपेक्षा जास्त पाठ असते हे मी विसरले होते. "कसाले खोटं बोलनी व माय?" एवढंच विचारलं त्यांनी आणि मी तिथेच रडले, देवीच्या दिवशी खोटं बोलले म्हणून रडले की रिपोर्टसाठी, कोण जाणे.

सांगण्याची कटकट पण आहेच. त्यांनी लगेच हळदीचं दूध सुरू केलं, कोणत्या तरी चुलत नणंदेची गर्भाशय काढल्याची गोष्ट दोनदा ऐकवली. नवरा तर दर दोन तासांनी 'बरी आहेस ना'. पण रात्री झोप लागली. म्हणून मी म्हणेन सांगा, पण दोघांनाच, आणि ग्रुपवर नको. हाय ग्रेड, म्हणजे जास्त बदल दाखवणारं एचएसआयएल आलं असेल तर मात्र एकटीने अजिबात ठेवू नका, पुढे उपचार लागू शकतात, सोबत कोणीतरी पाहिजे.

आणि एक गंमत. सासूबाईंनी परत बोटं मोजली आणि म्हणाल्या, तुझ्या त्या तारखेला तर पाळी येईल. खरंच होतं, मला सुचलंच नव्हतं, आणि जास्त रक्तस्राव चालू असताना कोल्पोस्कोपी नीट होत नाही. फोन करून चार दिवस आधीची वेळ घेतली. आत जेमतेम पंधरा मिनिटं, व्हिनेगरसारखं पातळ अ‍ॅसिड लावतात, थोडं झोंबतं, मग आयोडीन, मग बारीकसा चिमटा बायोप्सीचा. बाहेर सासूबाई कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी आणि ठेचा बांधून बसल्या होत्या. बायोप्सीत सीआयएन 1, म्हणजे हलकेच बदल आले, औषध काही नाही, वर्षाने परत तपासणी. ती तारीख सासूबाईंनीच कॅलेंडरवर लिहिलीये, आगेमागे चार दिवस मोकळे सोडून.