प्रोपोफॉल १ टक्का, २० एमएलची व्हायल: रोज वापरणारीचं मत

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण का कापला ते पुढे सांगते.

मी भूलतज्ज्ञ. सांगली-मिरज भागात ज्या नर्सिंग होममधून फोन येईल तिथे जाते, त्यामुळे हातात कोणतं औषध येणार हे बऱ्याचदा तिथलं कपाट ठरवतं. कपाटात प्रोपोफॉल, म्हणजे शिरेतून देऊन झोपवायचं भुलीचं औषध, दिसलं की जीव भांड्यात पडतो.

दिसायला अगदी दूध. औषध पाण्यात विरघळत नाही, म्हणून सोयाबीनचं तेल आणि अंड्यातलं लेसिथिन घालून त्याचं इमल्शन, म्हणजे पाण्यात तेलाचे बारीक थेंब असलेलं मिश्रण, केलेलं असतं. आधी क्रेमोफोर नावाच्या द्रावकात आणून पाहिलं होतं, पण त्याने जोरदार ॲलर्जी यायला लागली. तेलातलं हे रूप १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये बाजारात आलं. त्यामागचे जॉन ग्लेन मूळचे जनावरांचे डॉक्टर. २०१८ मध्ये त्यांना वैद्यकीय संशोधनाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

एका एमएलमध्ये १० मिलिग्रॅम. धडधाकट माणसाला किलोमागे साधारण २ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोला १२ एमएल. मनगटाच्या मागच्या बारीक शिरेतून दिलं तर हमखास ‘आई गं, आग होतेय’ ऐकू येतं. म्हणून मी कोपराजवळची मोठी शीर धरते आणि आधी थोडं लिग्नोकेन, म्हणजे बधिर करणारं औषध, सोडते. अर्ध्या मिनिटात बोलता बोलता वाक्य अर्धवट राहतं.

खरी गंमत जागं होण्यात आहे. छोटी केस असली तर पेशंट पाच-दहा मिनिटांत डोळे उघडून विचारते, ‘मॅडम, सुरू कधी करणार?’ तोवर औषध शरीरातून गेलेलं नसतं बरं का. मेंदूला रक्त भरपूर, म्हणून ते आधी तिथे पोचतं. रक्तातली पातळी उतरली की मेंदूतून निघून स्नायूंत आणि मग चरबीत पसरतं. जाग येते ती त्यामुळे. थायोपेन्टोन या जुन्या भुलीच्या औषधातही पहिली जाग अशीच यायची, पण ते लिव्हर फार सावकाश पचवतं. दोन-तीन डोस झाले की माणूस संध्याकाळपर्यंत पेंगायचा. प्रोपोफॉलचा निकाल लिव्हर झपाट्याने लावतं, शिवाय उलट्याही कमी होतात. दुपारी घरी जायचं असलेल्या पेशंटला आणखी काय हवं?

आता तो अर्धा गुण. हे बीपी पाडतं आणि श्वासही थांबवतं. म्हाताऱ्या माणसांत तर जपूनच. त्यांचं रक्ताभिसरण मंद, औषध मेंदूपर्यंत पोचायला वेळ लागतो. सर्जन ‘अजून झोपले नाहीत का?’ म्हणून घाई करतात, त्या घाईत आणखी दोन एमएल ढकलले की मिनिटभराने मॉनिटर बोंबलतो. मी डोस निम्म्यावर आणते, हळू देते आणि सर्जनना खुशाल ताटकळत ठेवते.

आणखी एक: हे झोपवतं, दुखणं मारत नाही. सोबत फेंटानिलसारखं वेदनाशामक दिलं नाही, तर चीर पडताच पाय हलतो.

अपघातात रक्त गेलेला माणूस आला की ही व्हायल बाजूला आणि केटामीन हे दुसरं भुलीचं औषध पुढे. त्याचा स्वभाव नेमका उलटा: बीपी सहसा टिकवतं, श्वास बहुधा चालू ठेवतं, दुखणंही मारतं. फक्त लाळ सुटते आणि जागं होताना विचित्र स्वप्नं पडतात. सुईला घाबरणाऱ्या पोरांना मात्र मास्कमधून सेव्होफ्लुरेन हे हुंगायचं भुलीचं औषध, वास फारसा उग्र नसल्यामुळे.

साठवणीबद्दल: फ्रीझरमध्ये ठेवू नका, इमल्शन फुटतं. आणि उरलेलं पुढच्या पेशंटला नाही. तेलात जंतू झपाट्याने वाढतात. एक व्हायल एका पेशंटची, फोडल्यावर सहा तासांत वापरा नाहीतर टाका. ‘मॅडम, आठ एमएल शिल्लक आहे की!’ असं मालक डॉक्टर दर वेळी म्हणतात. मी दर वेळी टाकते.