कानात वॉकी नको: फायरवॉच घ्यावा की प्रोटियस?

सिझनमध्ये माझी शिफ्ट रात्री अकराला सुटते. गोव्यात कांदोळीच्या हॉटेलातून स्कूटर काढायची, म्हापसा मागे टाकायचं आणि अस्नोड्याच्या अलीकडे घरी पोचेपर्यंत बारा वाजायला येतात. दिवसभर रिसेप्शनवर उभं राहून माणसांशी बोललेल्या माणसाला त्या वेळी झोपही येत नाही आणि कुणाशी बोलवतही नाही. बायको झोपलेली असते, जेवण झाकून ठेवलेलं असतं. मग मी लॅपटॉप उघडतो आणि तासभर कुठल्या तरी परमुलखात चालून येतो. बंदुका नाहीत, गुण नाहीत, हार-जीत नाही. नुसतं चालायच्या अशा गेमना वॉकिंग सिम्युलेटर हे नाव आधी चेष्टेनं पडलं होतं म्हणतात. मला चेष्टा वाटत नाही. रात्री साडेबाराला चालायला दुसरी जागा आहे कुठे?

परवा आमच्या हाउसकीपिंगमधल्या पेडण्याच्या पोरानं गाठलं. "दादा, सेल लागलाय. पैसे एकाचेच आहेत. फायरवॉच घेऊ की प्रोटियस?" कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या त्याला सांगायला लागलो आणि मधेच कमरेचा वॉकी-टॉकी वाजला, बोलणं तिथंच राहिलं. ते आता इथे पूर्ण करतो.

सरळ सांगायचं तर दोघांत दिसायला फायरवॉच कितीतरी उजवा आहे, यावर वाद नको. 2016 चा गेम, पण आजही संध्याकाळच्या उन्हात पायवाटेवर उभं राहिलं की एकामागे एक डोंगर दिसतात आणि प्रत्येकाचा नारिंगी वेगळा. ऑली मॉस या पोस्टर काढणाऱ्या चित्रकाराचा हात त्यामागे आहे आणि तो दिसतो. अमेरिकेतल्या वायोमिंगचं शोशोनी जंगल, साल 1989, आणि आपण म्हणजे हेन्री, उंच मचाणावर बसून वणव्यांवर नजर ठेवणारा पहारेकरी. त्याच्या आदल्याच वर्षी, 1988 साली, तिकडच्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात प्रचंड वणवे लागले होते, त्याची छाया गेमभर आहे.

हे जंगल मला परकं वाटलं नाही याचं कारण वेगळं आहे. 2023 च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात आगी लागल्या, हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी ओतत होती, तेव्हा मी सासुरवाडीला, वाळपईकडे होतो. तीन दिवस हवेला जळक्या पाल्याचा वास होता. त्यानंतर फायरवॉच दुसऱ्यांदा खेळलो तेव्हा डोंगरामागून उठणारा तो धुराचा पट्टा मला 'छान सीन' वाटेना. गेमचा यात दोष नाही, उलट त्याचं यशच म्हणा. पण दमून घरी आल्यावर 'रिलॅक्सिंग' म्हणून लावायचा असेल, तर हे आधी ठाऊक असलेलं बरं. तसंच सुरुवातीचंही. गेम उघडताच आधी काही पानं नुसता मजकूर येतो, हेन्री आणि त्याच्या बायकोचा संसार, तिचं आजारपण. कमी वयात आलेला स्मृतिभ्रंश. ज्याच्या घरात कुणी म्हातारं असं विसरत चाललंय, त्यानं ते रात्री बारानंतर वाचू नये.

बाकी चालायची मजा मात्र खरी. हातात कागदी नकाशा आणि होकायंत्र. नकाशावर आपण कुठे आहोत तो ठिपका सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतो. करा. वाट चुकायला लागलात की जंगल एकदम मोठं होतं. जागोजागी सामानाच्या पेट्या आहेत आणि त्या सगळ्यांच्या कुलपाचा आकडा 1-2-3-4. मी खो खो हसलो होतो, कारण आमच्या रूममधल्या तिजोरीला बहुतेक पाहुणे हाच आकडा लावतात आणि तरीही तो विसरून मला वर बोलावतात.

आता मुद्द्याचं. फायरवॉचमध्ये आपल्या हातात एक रेडिओ असतो. दुसऱ्या मचाणावर डिलायला नावाची बाई आहे, तिच्याशी बोलायचं. काही दिसलं की कळवायचं. तिनं काही विचारलं की दोन-तीन उत्तरं पडद्यावर येतात, शेजारी वेळ सरकत असतो, तेवढ्यात एक निवडायचं. नाही निवडलं तर गप्प राहिलात असं ती धरते आणि त्याचाही अर्थ लावते. लेखन उत्तम, दोघांचे आवाज उत्तम. ज्यांनी ज्यांनी फायरवॉचची वाखाणणी केली, त्यांनी याच संभाषणासाठी केली.

आणि मला नेमका तोच रेडिओ चावला.

माझ्या कमरेला दिवसाचे दहा तास वॉकी असतो. "रिसेप्शन, कॉपी?" "गो अहेड." "तीनशे अकरामध्ये एसी गळतोय." "बेलबॉयला पाठव, बस आली." चार्टर विमानाचे पाहुणे उतरतात त्या दिवशी तर श्वास घ्यायला उसंत नसते. अशाच एका दिवसानंतर घरी आलो, हेडफोन लावले, जंगलात उतरलो. तळ्याकाठी कुणी नव्हतं. पाणी शांत. मी नुसता उभा होतो. तेवढ्यात कानात खरखर झाली आणि मी, देवाशपथ, कमरेला हात घालून मोठ्यानं म्हणालो, "येस, रिसेप्शन, गो अहेड!" आत बायको जागी झाली. तिनं दारातून बघितलं, पडद्यावरचं झाड बघितलं, माझा रिकाम्या कमरेवरचा हात बघितला आणि काही न बोलता परत जाऊन झोपली.

त्या रात्री कळलं, की मला सुंदर जंगल नको होतं. जिथे मला कुणी बोलावणार नाही अशी जागा हवी होती.

जाणकार इथे म्हणतील की नंतर फायरवॉचमध्ये कथेशिवाय मोकळं फिरायचीही सोय आली. आली, मी तीही वापरून पाहिली. पण मला ते लग्न आटोपल्यावरच्या मांडवासारखं वाटलं. खुर्च्या आहेत, तोरणं आहेत, माणसं गेली. ते रान मुळात त्या दोघांच्या बोलण्यासाठी बांधलंय, बोलणं काढलं की वाटा नुसत्या वाटा उरतात. दुसऱ्या कुणाला तसं वाटणार नाही कदाचित.

आता प्रोटियस. 2013 चा, एड की आणि डेव्हिड कनागा या दोघांनी केलेला. पहिल्यांदा लावाल तेव्हा फसवणूक झाली असं वाटेल, आधीच सांगून ठेवतो. मोठमोठे ठोकळे, चपटी झाडं, जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटीवर शोभावेत असे रंग. माझ्या मेहुण्यानं खांद्यावरून डोकावून विचारलं होतं, "लोड व्हायचाय का अजून?" प्रोटियस आला तेव्हा त्याला गेम म्हणायचं की नाही यावरही बराच काथ्याकूट झाला होता.

सुरुवातीला डोळे उघडतात ते समुद्रात. लांब धुक्यात एक बेट. तिकडे चालत जायचं. बस, यापुढे कुणी काही सांगत नाही. एक शब्द नाही, नकाशा नाही, काम नाही. चालायला लागलं की बेट वाजायला लागतं. झाडापाशी गेलं की एक सूर, टेकडी चढलं की संगीत विरळ होत जातं, पाऊस आला की त्याचं वेगळंच काहीतरी. बेडूक आहेत. जवळ गेलं की टुणकन उडतात आणि प्रत्येक उडीला एक टिंब-टिंब सूर. कोंबड्यांसारखे काही जीव आहेत, ते आपल्याला बघून पळत सुटतात. इअरफोन लावून खेळलो त्या पहिल्या रात्री मी वीस मिनिटं त्या बेडकांच्याच मागे होतो. आमच्याकडे पहिल्या पावसात कातळाच्या सड्यावर बेडूक ओरडायला लागले की टॉर्च घेऊन निघणारे लोक असतात, कायद्यानं बंदी असली तरी. त्याला 'जंपिंग चिकन' म्हणायचं आणि रश्श्यात घालायचं. बेडकाच्या मागे लागून काहीच न करता परत येणं हा अनुभव माझ्या गावाला तसा नवीनच.

रात्र पडली की पांढरे ठिपके हवेत भिरभिरत एका ठिकाणी जमतात. त्यांच्या मागे गेलं की काळ धावायला लागतो आणि ऋतू पालटतो. वसंत, मग उन्हाळा, शरद, शेवटी बर्फ. नाही गेलात तर वसंतातच राहा, कुणी हाकत नाही. फायरवॉचमध्ये दिवसाचं काम झालं की गेमच आपल्याला उचलून पुढच्या दिवसात टाकतो, मग तुमचं तळ्याकाठी उभं राहून झालेलं असो वा नसो. हिवाळ्यात संगीत जवळजवळ बंद होतं. बर्फ मी उभ्या आयुष्यात पाहिलेला नाही, त्यामुळे ते तसंच शांत असतं का हे मला विचारू नका. मला पटलं.

प्रोटियसच्या उण्या बाजूही आहेत. एक फेरी पाऊण-एक तासात आटोपते, त्यामुळे पैशाला किती तास हा हिशेब करणाऱ्यानं लांबच राहावं. फायरवॉच चार-पाच तास तरी पुरतो. मला तीन रात्री लागल्या. दुसरं, प्रोटियसचं बेट दर वेळी नवीन तयार होतं. एका बेटावर डोंगरामागे एक झोपडी आणि तिच्यापुढे चार झाडं अशी काही सुरेख जमली होती, की दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं ठरवून झोपलो. ती जागा परत मिळाली नाही. आवडलेला क्षण 'पोस्टकार्ड' म्हणून जपून पुन्हा उघडायची सोय आहे हे मला त्यानंतर कळलं. तिसरं, लॅपटॉपच्या स्पीकरवर हा गेम लावूच नका. मी पहिल्यांदा जुलैत लावला, वर पत्र्यांवर पाऊस, काही म्हणजे काही ऐकू येईना आणि तो चौकोनी ठोकळ्यांचा मूकपट मी दहा मिनिटांत बंद केला. वर्षभर त्याला वाईट म्हणत फिरलो. मग एकदा इअरफोन लावून बसलो.

यंत्राचं म्हणाल तर माझा लॅपटॉप जुना आहे. फायरवॉच लावला की त्याचा पंखा चोडणच्या फेरीबोटीसारखा घरघरतो, प्रोटियसला तो झोपलेलाच असतो. वीज गेली तर उरल्यासुरल्या बॅटरीवर प्रोटियसची एक फेरी होते, फायरवॉच अर्ध्या वाटेत मान टाकतो. तुमच्याकडे चांगलं मशीन असेल तर हा परिच्छेद सोडून द्या.

ही दोनच नावं का, असंही कुणी विचारेल. डियर एस्थर मी खेळलोय, स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांमधलं ते ओसाड बेट आणि जेसिका करीचं संगीत विसरण्यासारखं नाही, पण तिथेही एक आवाज कानात पत्रं वाचत राहतो आणि चाल इतकी संथ की मला चावी हातात घेऊन, रूम बघायला निघालेल्या पाहुण्यांच्या मागून चालल्यासारखं वाटलं. त्याच चमूच्या एव्हरीबडीज गॉन टू द रॅप्चरची तर गंमतच आहे. त्यात भरभर चालायचं बटण होतं, पण ते काही वेळ दाबून धरावं लागतं हे खेळणाऱ्यांना कुणी नीट सांगितलंच नव्हतं, कितीतरी जणांनी अख्खं गाव गोगलगाईच्या चालीनं पालथं घातलं. घरात लहान मूल असेल तर ए शॉर्ट हाईक घ्या. त्यातली क्लेअर नावाची पक्षीण मोबाइलला रेंज मिळावी म्हणून डोंगर चढते. सत्तरी-सांग्याच्या डोंगरी भागातल्या पोरांना ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

तर त्या पोराला मी काय सांगितलं असतं? गोष्ट हवी असेल, माणसांत राहायचं असेल, दिवसभरात कुणी तुझ्याशी धड बोललं नसेल, तर फायरवॉच घे, पस्तावणार नाहीस. दिवसभर सगळ्या जगानं तुला हाका मारल्या असतील तर प्रोटियस. माझं वजन कुठल्या पारड्यात आहे हे एव्हाना कळलं असेलच, पण माझं काम माझं आहे. सगळ्यांच्याच कमरेला वॉकी नसतो.

त्यानं शेवटी फायरवॉच घेतला. मंगळवारी सकाळी साडेनऊला, चेकआउटची रांग लागलेली असताना, चॅनेलवर आवाज आला, "टू फोर्क्स टू रिसेप्शन. दोनशे चारवाले अजून झोपलेत. ओव्हर." टू फोर्क्स म्हणजे हेन्रीचं मचाण. समोर चार पाहुणे बिलं धरून उभे.

"गो अहेड, टू फोर्क्स," मी म्हणालो.