सी ड्राइव्ह भरत आला असेल, तर इन्स्टॉल केलेली सॉफ्टवेअर कोणत्या पद्धतीने कॉम्प्रेस करावीत?

१२८ जीबीच्या एसएसडीवर विंडोज, हिशेबाचे सॉफ्टवेअर, डीटीपीचे एखादे जड पॅकेज आणि प्रिंटरचे ड्रायव्हर बसवले, की सी ड्राइव्हची पट्टी लाल व्हायला फार दिवस लागत नाहीत. खानदेशात जिनिंगच्या, कृषी केंद्रांच्या आणि रावेर-सावद्याकडील केळी व्यापाऱ्यांच्या कार्यालयांतून असे लॅपटॉप अजून सर्रास चालतात, आणि तेथे बसवलेले प्रत्येक सॉफ्टवेअर हंगामात केव्हा ना केव्हा लागतेच, त्यामुळे काढून टाकण्यासारखे काही उरत नाही. टेम्पररी फाइल्स आणि रिसायकल बिन साफ केल्यानंतरही जागा पुरत नसेल, तर आहे ते सॉफ्टवेअर जागच्या जागी कॉम्प्रेस करणे, म्हणजे त्याच्या फाइल्स दाबून कमी जागेत बसवणे, हा मार्ग राहतो. त्याच्या दोन पद्धती विंडोजमध्येच आहेत आणि अमळनेर परिसरातील संगणकांच्या देखभालीत मी त्या दोन्ही वापरल्या आहेत.

पहिली पद्धत बहुतेकांच्या ओळखीची आहे. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधील ॲडव्हान्स्ड बटणामागे कॉम्प्रेस करण्याची जी टिक असते, तीच ही. १९९५ च्या विंडोज एनटी ३.५१ पासून ती एनटीएफएसमध्ये, म्हणजे विंडोजच्या डिस्कवर फाइल्स मांडण्याच्या व्यवस्थेत, आहे. तिची सोय नाकारता येत नाही, कारण कोणतीही आज्ञा टाइप करावी लागत नाही आणि कॉम्प्रेस झालेल्या फाइलच्या चिन्हावर निळे बाण दिसत असल्यामुळे काय केले आहे ते नंतर पाहणाऱ्यालाही कळते. दुसरी पद्धत विंडोज १० बरोबर, म्हणजे २०१५ मध्ये आली. तीत कमांड प्रॉम्प्टवर ‘कॉम्पॅक्ट’ ही आज्ञा ‘ईएक्सई’ या पर्यायासह द्यावी लागते. वारंवार वाचल्या जाणाऱ्या, पण सहसा न बदलणाऱ्या फाइल्ससाठी ती मुद्दाम तयार केलेली आहे, आणि माझ्या मते खरा निर्णय या एका गोष्टीवर ठरतो.

पहिल्या पद्धतीची टिक ही फोल्डरला चिकटते. आज त्यात असलेल्या फाइल्सपुरती ती राहत नाही, तर उद्या त्यात जन्माला येणारी प्रत्येक फाइल कॉम्प्रेस होऊनच जन्मते. आपल्याकडील हिशेबाच्या अनेक सॉफ्टवेअरमध्ये डेटाचे फोल्डर प्रोग्रामच्याच पोटात असते, त्यामुळे ‘उपफोल्डरसह’ असे उत्तर दिले, की डेटाही त्यात ओढला जातो. एरवीच्या ४ केबीच्या क्लस्टरवर (डिस्कवरील जागेच्या लहानात लहान कप्प्यांवर) ही पद्धत ६४ केबीचा एकेक गट करून कॉम्प्रेस करते, म्हणून एका बिलाची छोटीशी नोंद बदलायची असली तरी तो गट उलगडून पुन्हा दाबावा लागतो, आणि फाइलचे तुकडे डिस्कवर विखुरत जातात. धुळे जिल्ह्यातील एका कृषी केंद्रात मी हे जवळून पाहिले. खरिपाच्या तोंडावर कपाशीच्या बियाण्यासाठी काउंटरपुढे रांग लागलेली होती, लॉट नंबर टाकून एंटर दाबला की पडद्यावर चक्र फिरत राही, आणि बिल सेव्ह होईपर्यंत मालक व शेतकरी दोघेही पडद्याकडे बघत थांबत. टिक काढावी, तर वरच्या फोल्डरची काढताना ‘फक्त हेच फोल्डर’ असे उत्तर दिले गेले, की आतील डेटा कॉम्प्रेस केलेलाच राहतो. आणि सगळेच उलगडायचे ठरवले, तर तेवढी मोकळी जागा डिस्कवर लागते, जी नसते म्हणून तर हा सारा खटाटोप केलेला असतो.

या एका त्रासामुळे माझा कल दुसऱ्या पद्धतीकडे झुकला. ती फोल्डरवर कोणतीही खूण ठेवत नाही. आज्ञा दिली त्या वेळी ज्या फाइल्स तेथे होत्या त्याच कॉम्प्रेस होतात, नंतर येणारी फाइल नेहमीसारखीच राहते, आणि कॉम्प्रेस झालेल्या एखाद्या फाइलमध्ये लिहिण्याची वेळ आली, तर विंडोज ती उलगडून साधी करून टाकते. डेटाची फाइल चुकून सापडली, तरी पहिल्या नोंदीला थोडा विलंब होतो आणि पुढे तिचे काम सुरळीत चालते. जिनिंगमध्ये ज्या कापसाची गाठ बांधायची आणि जी रास अजून मापात आहे त्यांत फरक केला जातो, तसा फरक ही पद्धत आपणहून करते.

तिच्यात उणिवा नाहीत असे मी म्हणणार नाही. सॉफ्टवेअरचे अपडेट आले, की नव्या फाइल्स पूर्ण आकाराच्या येतात आणि वाचवलेली जागा हळूहळू परत जाते, म्हणून मोठ्या अपडेटनंतर आज्ञा पुन्हा द्यावी लागते. फाइलच्या चिन्हावर निळे बाण येत नाहीत, त्यामुळे प्रॉपर्टीजमध्ये ‘साइझ’ आणि ‘साइझ ऑन डिस्क’ हे दोन आकडे पडताळून पाहावे लागतात. पूर्ववत करताना ‘यू’ या पर्यायाबरोबर ‘ईएक्सई’ पुन्हा लिहावे लागते, हेही अनेकांच्या ध्यानात येत नाही. कमांड प्रॉम्प्टचा संकोच वाटत असेल, त्यांच्यासाठी ‘कॉम्पॅक्टजीयूआय’ हे मोफत सॉफ्टवेअर तेच काम बटणावर करून देते. मला मात्र काळ्या पडद्यावर फाइलमागून फाइल सरकताना, प्रत्येकीपुढे ती किती पट लहान झाली तो आकडा पाहणे अधिक विश्वासाचे वाटते. डीएलएल (प्रोग्रामच्या जोडफाइल्स), मदतीच्या आणि भाषांच्या फाइल्स तेथे छान आकसतात. व्हिडिओ, जेपीईजी आणि झिप जवळजवळ तशाच राहतात.

या पद्धतीत चार अल्गोरिदम, म्हणजे फाइल दाबण्याच्या चार रीती, मिळतात. एलझेडएक्स सर्वांत जास्त जागा वाचवतो, पण जुन्या प्रोसेसरला तो फार दमवतो, आणि जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात दुपारी पारा ४५ अंशांच्या आसपास असताना लॅपटॉपचा पंखा तासभर पूर्ण वेगाने फिरवणे मला योग्य वाटत नाही. म्हणून रोजच्या कामाच्या सॉफ्टवेअरला मी ‘एक्सप्रेस१६के’ देतो, आणि वर्षातून एखाद्या वेळी उघडल्या जाणाऱ्या पॅकेजला एलझेडएक्स, तोही सकाळी लवकर. मध्येच लाईट गेली, तर तीच आज्ञा पुन्हा द्यावी. आधी कॉम्प्रेस झालेल्या फाइल्स ती वगळते.

यूपीएक्ससारखी, एकेक प्रोग्राम फाइल आवळणारी साधने १९९८ पासून आहेत, पण त्यांनी फाइलची डिजिटल सही मोडते आणि अँटिव्हायरसला संशय येतो, म्हणून कार्यालयीन संगणकावर ती मी सुचवत नाही. एसएसडी बदलता येत असेल आणि खर्च झेपत असेल, तर मोठी एसएसडी घेणे केव्हाही चांगले. बोर्डावरच जडवलेली ३२ किंवा ६४ जीबीची ईएमएमसी ही साठवणुकीची चिप असलेल्या लॅपटॉपमध्ये तो पर्याय नसतो. अशा यंत्रावर खुद्द विंडोजची जागा कमी करायची झाल्यास ‘कॉम्पॅक्ट’ आज्ञेचाच ‘कॉम्पॅक्टओएस’ हा पर्याय वापरावा. संपूर्ण सी ड्राइव्हवर जुनी टिक मात्र करू नये, कारण त्यात विंडोज सुरू करून देणाऱ्या बूटमॅनेजरची फाइल कॉम्प्रेस झाली, तर संगणक सुरू होतानाच ‘बूटमॅनेजर कॉम्प्रेस झाला आहे’ असा संदेश देऊन थांबतो.