फ्रेमवरची पारदर्शक फिल्म: नऊ महिने वापरल्यानंतर

सायकलचा रंग जपायला फ्रेमवर तयार कापलेल्या तुकड्यांचा फिल्मचा संच लावला होता. इतकं जपूनही रंग गेलाच, आणि तोही हेड ट्यूबवर, म्हणजे हँडलखालच्या उभ्या नळीवर. परवा सायकल धुताना गिअर केबलचं आउटर (बाहेरचं प्लास्टिकचं आवरण) जिथे टेकतं, तिथे नखाएवढं उघडं स्टील चमकताना दिसलं. डाउन ट्यूब (पेडलकडे उतरणारी तिरपी नळी), टॉप ट्यूब (वरची आडवी), चेनस्टे (पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणारी), सगळ्यांसाठी संचात तुकडे आहेत. हेड ट्यूबसाठी मात्र संचात तुकडाच नाही. विक्रेत्याला फोटो पाठवले. 'तो भाग संचात समाविष्ट नाही,' असं उत्तर आलं. ते मलाही दिसतंय! का नाही, एवढंच विचारलं होतं. त्यावर अजून उत्तर नाही.

सायकल कुठे आपटली नाही, पडली नाही, तरी तिथला रंग जातो. आउटरचं प्लास्टिक एकटं फारसं काही करत नाही. त्याच्या आणि रंगाच्या मध्ये ओली धूळ अडकली की तिचा पॉलिशपेपर होतो आणि हँडल वळेल तसा तो घासत राहतो. आधी क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर), मग रंग, मग प्रायमर. स्टीलच्या फ्रेमवर पुढची पायरी गंजाची.

त्या रागात सगळी फिल्म उतरवायला घेतली. हेअर ड्रायरने कोमट करून, फ्रेमला जवळजवळ समांतर धरून सावकाश ओढायची. सरळ वर खेचली तर रंग किंवा नावाची अक्षरं सोबत येतात. डाउन ट्यूबच्या खालचा पट्टा निघाल्यावर उजेडात धरला. पुढच्या चाकाने उडवलेल्या खड्यांचे व्रण मोजायला लागलो आणि तिसाच्या पुढे मोजणं सोडलं. खालचा रंग मात्र पहिल्या दिवशीसारखा, एक टवका नाही. तिथेच थांबलो. बाकीची फिल्म आहे तशी ठेवली आणि उरलेल्या शीटमधून तेवढा पट्टा नवा लावला.

म्हणजे मालाबद्दल तक्रार नाही. हे पॉलियुरेथेन आहे. ते ताणतं आणि ठोका स्वतः सोसतं. हेलिकॉप्टरच्या पात्यांना वाळूपासून वाचवायला याच जातीची टेप लावतात. आधीच्या सायकलवर व्हिनाइल लावलं होतं. ते पिवळं पडलं, वळणांवर सुरकुतलं आणि काढताना तुकड्यातुकड्याने निघालं.

कडांना काळी रेघ धरते, ती धुऊन जात नाही. चौकोनी कोपरे सगळ्यात आधी उचलतात. नव्या पट्ट्याचे कोपरे कात्रीने गोल केले, ते अजून घट्ट आहेत. हे काम कारखान्यातच व्हायला हवं होतं. लावताना फ्रेम आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, साबणाचं पाणी फवारा, जुन्या प्लास्टिक कार्डाने पाणी मधून कडेकडे काढा आणि एक दिवस सायकल बाहेर काढू नका.

चेनस्टेवर ही फिल्म पुरत नाही. खडबडीत रस्त्यावर चेन वरून आपटते आणि तो मार इतक्या पातळ थराला झेपत नाही. दुसऱ्या महिन्यातच फाटली. चाकातली जुनी रबरी ट्यूब चेनस्टेवर गुंडाळायचा फुकटचा उपाय मीही केलेला आहे. आधीच्या सायकलवर ट्यूबखाली पाणी साचलं आणि आतून गंज पसरला, तो दिसला तेव्हा उशीर झाला होता. आता स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप लावतो आणि दर तीन महिन्यांनी सोडून आत बघतो. फ्रेमच्या बॅगेच्या वेल्क्रो पट्ट्यांखालीही फिल्म हवीच, तिथेही तोच धुळीचा पॉलिशपेपर असतो.

हेड ट्यूबवर टच-अप रंगाचे दोन हात दिले, पूर्ण वाळू दिला आणि उरलेल्या शीटमधून अंगठ्याएवढे दोन गोल कापून दोन्ही बाजूंना लावले. आउटरवर रबरी नळीचा छोटा तुकडाही चढवला. संचाच्या शीटवर मधे रिकामी जागा बरीच आहे. कंपनीने त्यातूनच हे दोन गोल कापून द्यावेत.